चुन्याचा चौकोन

हिवरखेड्याची नगरपंचायत झाली तेव्हा गावात पेढे वाटले होते. कशाबद्दल, ते वाटणाऱ्यालाही धड सांगता आलं नसतं. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, नवी चढली. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी मॅडम आल्या. घरपट्टी वाढली आणि गटार होतं तिथंच राहिलं. एक मात्र झालं. आधी माणूस आपल्या जागेत गोठा बांधायचा, भिंत घालायचा, संडासाचा खड्डा खांदायचा, फार तर शेजाऱ्याशी दोन दिवस भांडायचा. आता खुंटी ठोकायची म्हटलं तरी कागद लागायला लागला.

राधाकिसन आणि आसराबाईची जागा गावाच्या उगवतीला, राजूरच्या रस्त्याला लागून होती. सोळा गुंठे. पुढं पत्र्याच्या दोन खोल्या, बाजूला मेंढरं कोंडायची जाळीची वाघर, मागं पडीक तुकडा आणि त्याच्या कोपऱ्यात बोरीचं एक जुनं झाड. जागा आसराबाईच्या नावावर होती. लेकाच्या मुठीत काही टिकत नाही असं सासऱ्याचं ठाम मत होतं, म्हणून मरायच्या आधी त्यानं ती सुनेच्या नावावर केली. त्याच्या काळात घरात दोनशे मेंढरं होती. आता बावीस उरली होती. गायरानावर प्लॉट पडले, बांध नांगरून टाकले, मग मेंढरं चारायची कुठं, माणसाच्या डोक्यावर?

त्यात यंदा भादव्यातला पाऊस जायचं नावच घेत नव्हता. सोयाबीन उभ्या उभ्या सडलं आणि मेंढरांची खुरंही सडायला लागली. रोज सकाळी नवरा-बायको खुरं करायला बसत. आसराबाई मेंढरू उताणं करून मांड्यांत दाबून धरायची, राधाकिसन चाकूनं खुराची सडकी कड काढून निंबाचं तेल भरायचा. मेंढरू लाथा झाडायचं, घाण वास सुटायचा, आसराबाईचं मनगट दुखून दुखून बधिर व्हायचं. राधाकिसनाचे गुडघे तर केव्हाच गेले होते. तो उकिडवा बसला की उठताना वाघरीच्या मेखेला धरायचा.

"धर नीट. हलून राह्यलं ते," तो खेकसला.

"धरलंय की! तुमच्याच हाताला कापरं सुटलंय, त्याला मेंढरू काय करंल?"

एवढ्यात फटफटी आली. टावर कंपनीचा माणूस, जालन्याचा शिवशंकर. गेले पंधरा दिवस ह्या माणसाच्या पायगुणाकडं सगळं घर डोळे लावून बसलं होतं. गावाच्या ह्या अंगाला मोबाईलला धड रेंज नव्हती आणि कंपनीला इथं टावर उभा करायचा होता. टावर ह्या जागेत आला तर जागेला भाडं मिळणार होतं आणि करणला, म्हणजे ह्यांच्या एकुलत्या एका लेकाला, टावरच्या राखणीची नोकरी. करण लगबगीनं बाहेर आला. त्याच्यामागं त्याची बायको मोनिका चहा घेऊन आली. तिला पाचवा लागला होता. पदराआडून आता कळायला लागलं होतं.

खरी काळजी तीच होती. करण आणि मोनिका दर साली दिवाळी झाली की अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊस तोडायला जात. उसाच्या फडात एकटा माणूस चालत नाही. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. दोघं मिळून एक कोयता. मोनिका नसली तर करणला कुणी उभं करत नव्हतं. तिचे दिवस माघात भरणार होते, आणि माघात ऊस ऐन भरात असतो. आसराबाईनं मुकादमाला गाठून म्हणूनही पाहिलं होतं की बाबा, पोरीऐवजी मला घे. मुकादम पुंजारामनं चार माणसांत तिला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "काकू, मोळी तुम्ही उचलायची का तुम्हालाच मोळीवर घालून आणायचं?" सगळे हसले. तीही हसली, दुसरं काय करणार. दसऱ्याच्या दिवशी पुंजाराम नावं लिहून नेणार होता. त्याच्या आत टावरचा कागद झाला तर मोनिका घरी, नाहीतर फडात.

शिवशंकरनं चहा घेतला आणि फीत काढली. "मावशी, हे टोक धरा अन् चालत राहा. मी थांब म्हणंल तिथं थांबा."

आसराबाई तेलाचे हात लुगड्याला पुसून फितीचं टोक धरून चिखलातून चालू लागली. शाळेच्या भिंतीपासून इतकं सोडायचं, तिकडची पट्टी गेली. रस्त्याच्या मध्यापासून इतकं, पुढचा तुकडा गेला. विजेच्या तारेपासून इतकं. शेजारच्या घरापासून टावरच्या उंचीच्या मानानं इतकं. शिवशंकर दर खेपेला हातानं हवा कापल्यासारखं करायचा आणि एकेक पट्टी बाद व्हायची. सोळा गुंठे जागा बघता बघता अंगणाएवढी झाली.

"थांबा मावशी! बराबर. हितंच."

आसराबाई थांबली तेव्हा तिच्या डोक्याला बोरीचा काटा लागला. शिवशंकरनं चुन्याची पिशवी आणून तिच्या चारी बाजूंनी चौकोन ओढला. बोर बरोबर मधोमध आली.

त्या बोरीखाली आसराबाईचं पहिलं लेकरू होतं.

पस्तीस वर्षं झाली असतील. ती तेव्हा नवऱ्यासंगं मेंढरांमागं हिंडत होती. पूर्णेच्या काठी, मार्गशीर्षाच्या थंडीत, एका पऱ्हाटीच्या रानात पालाखाली ती बाळंत झाली. पोरगी झाली. नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी सकाळी तिनं दूध ओढलं नाही. सासरा म्हणाला, इथंच माती देऊ. आसराबाई म्हणाली, वाटंवर न्हाई, कोल्हे उकरतेत. कुणाचं ऐकलं नाही तिनं. लेकरू लुगड्यात गुंडाळलं आणि ओल्या बाळंतिणीनं दीड दिवस चालत गावाला आणलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. राधाकिसननं बोरीखाली खड्डा घेतला, मीठ घालून माती लोटली, वर काट्या टाकल्या. बारसं व्हायच्या आधीच गेली, त्यामुळं तिला नावच नव्हतं.

"भाऊ, जरा अलीकडं न्हाई का सरकायचं?" आसराबाईनं विचारलं.

"न्हाई मावशी. नियमानं सोडत सोडत एवढीच जागा उरली. इंचभर सरकलं तरी फाईल वापस येते. का, काय अडचण हाये का?"

करण बघत होता. मोनिका कपबशा गोळा करत होती, वाकताना तिनं कंबरेला हात लावला. राधाकिसन वाघरीपाशी बसून मेंढराच्या खुराकडं बघत होता. मान वर करत नव्हता.

"न्हाई," आसराबाई म्हणाली. "बोरं लई गोड लागतेत, म्हणून म्हणलं."

त्या दिवशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली. माती मातीला मिळाली असंल आता. काय राह्यलं असंल तिथं, चार बोटांएवढी हाडं. गेलेलीला जागा लागते तशी येणाऱ्यालाही लागते. असं ती स्वतःला चार-पाच वेळा म्हणाली आणि मग मेंढरांची लेंडी झाडायला लागली.

फाईल आत गेली. मेंढरांची खुरं बरी होत आली, पाऊस उघडला, घट बसले, आणि तिसऱ्या माळेला नगरपंचायतीतून निरोप आला की जागामालकानं येऊन भेटावं. मायलेक गेले. बांधकामाच्या टेबलावर भागवत होता. गावातलाच पोरगा, पूर्वी ग्रामपंचायतीत नळपट्टी गोळा करायचा, आता लिपिक. त्यानं करणला खुर्ची दिली, आसराबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"करणभाऊ, घोळ झाला. तुमच्या जागेवर टावरला परवानगी बसत न्हाई."

"का? सगळं अंतर तर सोडलं की बराबर."

भागवतनं विकास आराखड्याचा नकाशा पसरला. गाव रंगीबेरंगी झालं होतं. घरं पिवळी, शेतं हिरवी, बाजार निळा. राजूर रोडला एका तुकड्यावर तांबड्या तिरप्या रेघा होत्या. भागवतनं त्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं. दफनभूमीसाठी आरक्षित."

"कुणाची दफनभूमी?"

"गावाची."

"आमच्या घरात?" करणचा आवाज चढला. "येड लागलं का रे? आमी काय मढ्यांवर चुली मांडून राह्यलो का?"

"माझ्यावर कशाला वरडता? आराखडा दोन साल झाले लागला. हरकती मागवल्या होत्या. पेपरात आल्तं, नोटीस बोर्डावर लावल्तं. तुम्ही आले न्हाईत."

"आम्ही उसाला गेल्तो. बा तिथं मेंढरं घेऊन वाचायला येणार होता का?"

भागवतनं एक जाड फाईल काढली, पानं उलटली. "हे बघा. मोजणीवाल्याचा शेरा. 'जागामालक महिलेने सदर ठिकाणी माती दिलेली असल्याचे सांगितले.' आता जागामालक महिला कोण हाये, तुम्हीच सांगा."

करणनं वळून आईकडं बघितलं.

आसराबाईला तो दिवस लख्ख आठवला. तीन पायाची दुर्बीण घेऊन दोघं आले होते. कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोकायला लागले तशी ती तव्यावरची भाकर टाकून धावली. "तिथं ठोकू नका बाप्पा, तिथं आमची माती हाये," असं म्हणून आडवी झाली. पोरं भली होती. खुंटी काढून चार हात पलीकडं ठोकली. एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिनं त्यांना ताक दिलं. काम झालं म्हणून ती खुशीत होती. एका खड्ड्याचं बोललेलं सोळा गुंठ्यांवर रेघा ओढील हे तिला बापजन्मात कळलं नसतं.

"म्याच सांगितल्तं," ती म्हणाली.

भागवतला वाईट वाटलं असावं. तो आवाज उतरवून बोलला. "काकू, मंगळवारी मॅडमनी सुनावणी ठेवली. त्या ऐकून घेतात, माणूस बरा हाये. दोनच वाटा हायेत. एक तर शपथपत्र द्या, की जागेत काहीच पुरलेलं न्हाई, आधी सांगितलं ते खोटं व्हतं. मंग दुरुस्तीचा प्रस्ताव जाईल अन् टावरचं काम पुढं सरकंल. न्हाईतर मंग पंचनामा."

"पंचनामा म्हंजी?"

"म्हंजी जेसीबी लावून उकरून बघायचं, पंचासमोर."

आसराबाई करणच्या आधीच दाराबाहेर पडली.

घरी आल्यावर करण फुटला. "माय, तुला कुणी नाक खुपसायला लावल्तं? माणसं मोजत होती, मोजू द्यायचं! एक खुंटी गेली असती आत, काय झालं असतं?"

"तुझ्या बहिणीच्या अंगात गेली असती," आसराबाई म्हणाली.

आपल्या आधी एक पोरगी झाली होती हे करणला ठाऊक होतं. पण ऐकून सोडून दिलेली गोष्ट ती. चुन्याचा चौकोन कशावर पडलाय हे त्याला आत्ता कळलं. तो बाहेर जाऊन वाघरीच्या मेखा विनाकारण ठोकत बसला. मोनिका दारात उभी होती. राधाकिसन पायाला तेल चोळत होता, तो चोळतच राहिला. ह्या माणसानं खड्डा बुजवल्यापासून त्या लेकराचा शब्द काढला नव्हता. आसराबाईला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

रविवारी काकासाहेब आले. रस्त्यापलीकडचे बागायतदार, मोसंबीवाले. टावरला ही जागा बसली नाही तर कंपनी त्यांच्या बांधावर जाणार होती. शिवशंकर तिथंही फीत लावून आला होता. काकासाहेब बाजेवर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याचं बोलले आणि हळूच मुद्द्यावर आले.

"राधाकिसन, कानावर आलं म्हणून सांगतो. शपथपत्र म्हंजी तोंडचा खेळ न्हाई. खोटं निघालं तर केस होते. आसराबाई, माणसानं मातीशी खोटं बोलू न्हाई. वर देव बघतो."

"बघू द्या," आसराबाई म्हणाली. "टावर तुमच्या बांधावर गेला की झाकंल तो डोळे."

"घ्या! चांगलं सांगायला आलो तर..." काकासाहेब उठले. जाता जाता त्यांनी बोरीकडं एकदा बघितलं. आसराबाईनं तोंडानं त्यांना उडवून लावलं खरं, पण केस हा शब्द तिच्या डोक्यात बसला. सोमवारभर तिच्या हातून काही धड झालं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. मेंढरं पाण्यावर नेली आणि एक तिथंच सोडून आली.

संध्याकाळी मोनिका चुलीपाशी तिच्याजवळ येऊन बसली. "आत्याबाई, एक म्हणू का?"

"म्हण की."

"तुम्ही सही करू नका. माझ्यापायी तुम्हाला... म्या जाईन उसाला. करण म्हणतो हलक्या मोळ्या बांध. लई बाया जातेत, काय होत न्हाई."

आसराबाईनं चुलीत काटकी सारली. धूर डोळ्यात गेला. लई बाया जातेत. तिच्या सासूनंही असंच म्हटलं होतं. मेंढरामागं लई बाया बाळंत होतेत, धनगराच्या पोरीला काय होतंय. त्या नऊ दिवसांत थंडीनं पोरीची बोटं निळी पडायची, ती तोंडात घेऊन चोखून ऊब द्यायची, आणि पहाटे पाल उचलायची वेळ आली की चालायला लागायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही सांगितलं नाही. पाचव्या महिन्यातल्या पोरीला असलं ऐकवू नये.

"तू गप बस," ती म्हणाली. "तुला कुणी विचारलं न्हाई. भाकर घे, दोन घास जास्त खा."

मंगळवारी आसराबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. करण निघायला लागला तर राधाकिसन म्हणाला, "तू मेंढराकडं राहा. म्या जातो तिच्यासंगं." त्यानं पटका बांधला, काठी घेतली. गुडघ्यांमुळं त्याला पायऱ्या चढायला वेळ लागला. वर बाकावर दोघं दोन तास बसले. आत फटाक्याच्या दुकानांच्या परवानग्या चालू होत्या, कुणाच्या गच्चीचं भांडण चालू होतं. आसराबाईच्या तोंडाला कोरड पडली होती. पाण्याच्या टाकीचा पेला साखळीला बांधलेला होता. तिच्यानं तो उचलवला नाही.

शेवटी हाक झाली. आत मुख्याधिकारी मॅडम, बाजूला अभियंता, टेबलाशी भागवत, आणि भिंतीकडच्या खुर्च्यांवर कामासाठी आलेली गावातली दहा-बारा माणसं. त्यात काकासाहेबही होते. मॅडम तरुण होत्या, चेहऱ्यावरून थकल्यासारख्या. त्यांनी फाईल वाचली.

"आजी, तुम्ही मोजणीच्या वेळी सांगितलंत की जागेत दफन आहे. आता त्याच जागेवर टावरचा अर्ज आलाय. तिथं नेमकं काय?"

"काय न्हाई साहेब."

"काहीच नाही?"

"काय न्हाई."

"मग त्या वेळी खोटं का सांगितलंत?"

आसराबाईनं हे उत्तर घरून आणलं नव्हतं. खोटं बोलायची तयारी करून आली होती, पण जे खरं सांगितलं ते खोटं का सांगितलं, हे काय सांगायचं असतं? काकासाहेब पुढं सरकून बसले.

"म्या लावल्तं तिला बोलायला," राधाकिसन म्हणाला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो उभा होता. "घरपट्टीच्या भेवानं. मोजलेल्या जागेला जास्त पट्टी लागंल असं वाटलं. म्हणलं, मसनवटा सांग, म्हंजी मोजायचे न्हाईत. अडाणी माणसं आम्ही, मॅडम. चूक झाली."

खोली खो खो हसली. "लई बेरकी निघाला म्हातारा!" कुणीतरी म्हणालं. "घरपट्टी चुकवायला घरातच मसनवटा!" अभियंताही हसला. मॅडमच्याही ओठांवर हसू आलं, ते त्यांनी आवरलं. राधाकिसननं मान खाली घातली. त्याचे कान तांबडे झाले होते. ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस उपटलं नव्हतं. आसराबाईला वाटलं, ओरडून सांगावं सगळ्यांना. ती पदराचं टोक मुठीत आवळून उभी राहिली.

"कुणाची हरकत?" मॅडमनी विचारलं. काकासाहेब खुर्चीत चुळबुळले. सगळं गाव हसत असताना उठून देवाचं नाव काढायचं त्यांना जमलं नाही. "नाही? ठीक आहे. शपथपत्र आजच घ्या. आरक्षणाची दुरुस्ती वर पाठवू. टावरला त्या अटीवर तात्पुरती ना हरकत द्या. उद्या घेऊन जा म्हणावं कंपनीला."

झालं. पस्तीस वर्षांचं पाच मिनिटांत झालं. दसरा परवावर होता.

बाहेरच्या टेबलावर भागवत मुद्रांकाचा कागद घेऊन बसला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. "मी, आसराबाई राधाकिसन, शपथेवर लिहून देते की, सदर जागेत कोणत्याही व्यक्तीचे दफन केलेले नाही, व पूर्वी दिलेली माहिती खोटी होती..." ती ऐकत होती. मनाशी म्हणत होती, कागदच तर हाये. कागदाला काय कळतंय.

"काकू, आता वारस. भाडेकराराला लागतेत सगळे. अपत्यं किती तुम्हाला?"

"दोन झाली," आसराबाई म्हणाली. "हाये एक." आयुष्यभर ती असंच सांगत आली होती. दवाखान्यात, जनगणनेच्या बाईला, सोयरिकीला आलेल्या पाव्हण्यांना. बाईमाणसाला कुणी लेकरं विचारली की झालेली सांगायची, मग राहिलेली.

भागवतचं पेन थांबलं. त्यानं आजूबाजूला बघितलं, मग खाली वाकून बोलला. "काकू, दोन लिहिलं तर दुसऱ्याचं काय झालं ते लिहावं लागतं. मंग कुठं, कवा, सगळं निघतं. अन् वरच्याच ओळीत आपण लिहून बसलोत." त्यानं पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "मी एकच लिहू का?"

आसराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. राधाकिसन खिडकीबाहेर बघत होता.

"नऊ दिवस होती," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

भागवत थांबला होता. मागं रांगेत कुणीतरी, "अरे उरका की जल्दी," म्हणालं.

"लिही बाबा," आसराबाई म्हणाली. "एक लिही. एकच झालं मला."

भागवतनं लिहिलं. कागद तिच्याकडं फिरवला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती, पण आज तिनं आपणहून अंगठा पुढं केला. भागवतनं शाईचा पॅड सरकवला. ठसा उमटला.

करणचा फोन आला. रेंज येत-जात होती, त्याचा आवाज तुटत होता. "माय? काय झालं? झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "मोनिकाला सांग, जायाचं न्हाई आता. पुंजाराम आला तर चहा पाज अन् वापस लाव."

पलीकडून मोनिकाचं हसणं ऐकू आलं, मग रडणंही. आसराबाईला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. त्यासाठीच तर आली होती ती. तिनं फोन बंद केला आणि अंगठ्याची शाई लुगड्याच्या पदराला पुसायला लागली. शाई निघेना. राधाकिसननं काठी बगलेत मारली, तिचा हात हातात घेतला आणि आपल्या पटक्याच्या सोग्यानं अंगठा पुसत राहिला. रांगेतली माणसं बघत होती. त्या दोघांनी एकमेकांचा हात असा चारचौघांत कधी धरला नव्हता.